सूर्यास्तानंतरचे पाणी

१२ जून, गुरुवार

आजपासून दैनंदिनी लिहिण्याचा संकल्प. संकल्प माझा नव्हे, क्रांती मॅडमांचा. त्या पुण्यात बसून संगणकाच्या पडद्यावरून व्यसनाधीनांचे व क्रोधाधीनांचे समुपदेशन करतात. वय माझ्या माजी विद्यार्थिनींएवढे. ज्या वयाला मी तीस वर्षे 'गप्प बसा' म्हणत आलो, ते वय आता मला 'बोला' म्हणते.

आत्मपरिचय: भूपाल पाटील, वय चोपन्न, पलूसच्या कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृतचा अध्यापक, पर्युषणपर्वात जिनमंदिरातील प्रवचनकार, आणि (येथे लेखणी किंचित अडखळते) सायंकाळी साडेपाच ते सूर्यास्त या परिमित कालखंडात मद्यसेवन करणारा. परिमितता महत्त्वाची. आमच्या घरी सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य. हा नियम मी वयाच्या बाराव्या वर्षापासून एकदाही मोडलेला नाही. सबब जे काही घ्यायचे ते उजेडी. व्यसनी मनुष्य काळवेळ पाहत नाही. अस्मादिक पंचांग पाहतात. तस्मात् अस्मादिक व्यसनी नव्हेत. हे प्रमेय क्रांती मॅडमांना सांगितले. त्या म्हणाल्या, "छान. लिहून ठेवा." ठेवले.

या खटाटोपाचे प्रयोजन दीपाली. एकुलती कन्या, गतवर्षी साताऱ्यास पारस यांच्या घरी दिली. नोव्हेंबरच्या मध्यास प्रसूती. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही रीत, आणि त्रिशलाने, म्हणजे माझ्या पत्नीने, माडीवरची खोली चुन्याने रंगवूनही घेतली आहे. परंतु दीपालीने आईला फोनवर निक्षून सांगितले: नोव्हेंबर उजाडेपर्यंत अण्णांचे, म्हणजे माझे, सलग नव्वद दिवस कोरडे गेले तर येईन, नाहीतर साताऱ्यातच. अक्षय्य तृतीयेच्या रसभंगापासून ती माझ्याशी बोलत नाही. त्या प्रसंगाविषयी सवडीने.

१९ जून, गुरुवार

दुसरे सत्र. ऑनलाइन पद्धतीचे गुण मुक्तकंठाने मान्य केले पाहिजेत. पलूसात कोणास कळत नाही, प्रतीक्षाकक्षात माजी विद्यार्थी भेटत नाहीत, आणि पडदा माणसाला छातीपासून वरच दाखवतो. मी कोट घालून बसतो. कटिखाली लुंगी असते. तत्त्वज्ञानात यालाच अंशतः सत्य म्हणतात.

वेळ साडेसात, म्हणजे सूर्यास्तानंतर. तोवर माझे दैनिक कार्य आटोपलेले असते आणि वाणीस ओघ असतो. मॅडमांना मी 'सोडून आठ दिवस झाले' असे सांगितले. हे भविष्यकाळाचे भूतकाळातील रूप मानावे.

राग दाटून आला की घोट घोट गार पाणी प्यावे, असे त्यांनी सुचवले. मी नम्रपणे नियम सांगितला: सूर्यास्तानंतर पाणी नाही. त्यांनी टिपून घेतले. तरुण पिढीत परंपरेविषयी एवढी आस्था दुर्मिळ.

३० जून, सोमवार

एक सुखद नोंद. त्रिशला अलीकडे रोज दिवेलागणीला माझ्याजवळ येते आणि माझ्या सदऱ्याचे वरचे बटण लावते. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने असे प्रेम दाखवले नव्हते. किंचित थांबते, श्वास घेते, निघून जाते. वियोगाच्या भयाने प्रीती जागृत होते, असे काव्यशास्त्र म्हणते. दीपाली दूर गेल्याचा हा परिणाम असावा.

मग ती सोप्यात जाऊन दीपालीला फोन करते. माझ्या कानी एवढेच येते: "आज बी तसंच." बहुधा स्वयंपाकाविषयी असावे.

१७ जुलै, गुरुवार

मॅडमांनी आज अक्षय्य तृतीयेबद्दल विचारले. मी सविस्तर सांगितले: भगवान ऋषभदेवांना त्या दिवशी उसाच्या रसाचा आहार मिळाला, म्हणून आम्ही रस करतो, व्याही मंडळी साताऱ्याहून आली होती, व्याह्यांनी माझ्या मुखगंधाविषयी अस्थानी विनोद केला, वातावरण तापले, काचेचा जग निसटला.

"निसटला?" त्या म्हणाल्या.

"पतन पावला."

"कुठे?"

"भिंतीच्या दिशेने."

त्या काही बोलल्या नाहीत. शांततेचे हे हत्यार वर्गात मी स्वतः वापरतो, म्हणून ओळखले. सत्र संपवले.

२४ जुलै, गुरुवार

क्रमाने लिहितो.

मॅडमांनी पुन्हा तोच प्रश्न काढला. त्या जगाची काच कुणाला लागली? मी म्हणालो, दीपालीला, डाव्या भुवईवर. तीन टाके. समोर स्टीलचे फुलपात्र होते. मी ते उचलले, दोन घोट घेतले आणि पुढचे वाक्य सुरू केले.

"सर," त्या म्हणाल्या, "एक विचारू? गेल्या पाच वेळा मी तुम्हाला पाणी प्या म्हणाले. पाचही वेळा तुम्ही नाही म्हणालात. सूर्यास्त झालाय म्हणून. आज पावणेआठ वाजलेत."

मी फुलपात्राकडे पाहिले. त्यात काय होते ते मला ठाऊक होते. त्यांनाही ठाऊक झाले होते. एकशेऐंशी किलोमीटरवरून, वास नसताना, केवळ माझा गळा हलताना पाहून. बेचाळीस वर्षांचा नियम मी मोडला होता, आणि मला त्याचा पत्ताही लागला नव्हता. मोडला तर मोडला, पाण्यासाठीही नव्हे.

मी लॅपटॉप मिटला. 'मिटला' हे क्रियापद सौम्य आहे. पडद्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

दारात त्रिशला उभी होती. मी म्हणालो, "यंत्र जुने झाले होते." ती म्हणाली, "व्हय, यंत्रच जुनं झालंय."

२५ जुलै, शुक्रवार

मोबाइलवर मॅडमांचा संदेश: "काल तुमचा लॅपटॉप बंद झाला. वेळ संपेपर्यंत मी थांबले होते. तुम्हाला डॉक्टरांनी समोर बसून तपासण्याची गरज आहे; हे मी पडद्यावरून करू शकत नाही. स्वतःच्या मनाने दारू एकदम बंद करू नका, त्रास होऊ शकतो. सांगलीचा पत्ता पाठवते आहे. गुरुवारी फोनवर मी आहेच."

थांबले होते, हे दोन शब्द दिवसभर मनात राहिले. रिकाम्या पडद्यासमोर कोणीतरी माझी वाट पाहत बसले होते. मी वर्गात अनुपस्थितास अनुपस्थित लिहितो आणि पुढे जातो.

सायंकाळी त्रिशलाला म्हणालो, पुढच्या शनिवारी सांगलीस जाणार. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या दिवशी दीपाली रस प्यायला आली नव्हती. सांगायला आली हुती. तिसरा महिना हुता तिला. तुमी जग फेकायच्या आधी पाच मिनिटं ती मला आत बोलवत हुती."

अलंकार सुचला नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

पलूस ते सांगली, एस.टी. मार्गात तीन माजी विद्यार्थ्यांनी नमस्कार केला. 'दंतवैद्याकडे' असे तिघांनाही सांगितले.

व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे बाजारपेठेमागच्या गल्लीत एका घराचा तळमजला. प्रथम डॉक्टरांनी म्हटले, "हात पुढे करा." मी केले. दोन्ही हात पिंपळपानांसारखे हलत होते. कॅमेऱ्याच्या चौकटीत हात कधी आलेच नव्हते. त्यांनी गोळ्या दिल्या, आठवडाभर रोज येण्यास सांगितले.

नंतर गट. सतरंजीवर नऊ माणसे. चालक उदयसिंह, मूळचे माण तालुक्यातील, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त, स्वतः बारा वर्षांपूर्वी दारू सोडलेले. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि घसा साफ करून म्हणालो, "मद्यासक्तीच्या कारणमीमांसेकडे वळण्यापूर्वी..."

"सर, बसा," उदयसिंह म्हणाले. "हितं भाषण न्हाई. रिपोर्ट द्यायचा. पलटणीत सायबाला देत्यात तसा. काल काय केलं, जसं झालं तसं. का केलं ते इचारलं न्हाई अजून."

"परंतु संदर्भाशिवाय..."

"काल घेतली का?"

"घेतली."

"किती?"

मी सांगितले. सतरंजीवर कोणी दचकले नाही. हे मला किंचित अपमानास्पद वाटले.

कोपऱ्यातला एक दणकट माणूस मघापासून हसत होता. "वळकलं न्हाई व्हय सर? मी केरबा. बारावीला संस्कृत हुतं मला. तुमी म्हणला हुता, केरबा, तुझ्या हातनं देवभाषेचा खून हुतोय."

"मग पुढे?"

"पुढं काय, खून करून ट्रॅक्टरवर गेलो."

सगळे हसले. उदयसिंहही. पलूसात मी ज्याला सर्वाधिक भीत होतो, तो प्रसंग घडून गेला आणि मी सतरंजीवर बसलेलाच होतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टरांच्या देखरेखीने बंद होऊन तेरा दिवस. पहिले पाच दिवस लिहिण्याजोगे नव्हते. नव्वद पूर्ण होतील ६ नोव्हेंबरला. दीपालीने आईला सांगितले, सहा दिवसांनी काही बिघडत नाही, सातला येईन. त्रिशलाने माडीवरच्या खोलीत पाळण्याची कडी तपासून घेतली.

क्रांती मॅडमांशी फोनवर बोललो. पाणी पिता येत नसेल तर मनगटांवर गार पाणी सोडा, म्हणाल्या. नियमही राहतो. केले. अठरा शास्त्रे वाचून जे साधले नाही ते मोरीतल्या नळाने थोडे साधते. या विषयावर प्रबंध लिहिण्याचा मोह आवरला.

त्रिशला बटण लावायला येते. आता तिचा हात किंचित जास्त वेळ तेथे राहतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस लिहिले नाही. आज लिहिणेही टाळणार होतो.

पर्युषणाच्या दहा दिवसांतला सहावा, मंगळवार. विषय उत्तम संयम. प्रवचनकार मी. असे बोललो की वृद्ध मंडळी डोळे पुसत होती. इंद्रियांना मी अश्व म्हटले, मनाला लगाम म्हटले, आणि या साऱ्याला वल्गना कोणी म्हटले नाही. बाहेर पडताना लोकांनी हात जोडले. मी घरी आलो. साडेपाच वाजले होते. कपाटात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे अर्धी बाटली मीच ठेवली होती, 'निर्मोहाची परीक्षा' म्हणून.

दुःख हे कारण असते तर बरे झाले असते. मी आनंदात होतो. कोणी दुखावले नव्हते, कोणी टोमणा मारला नव्हता. स्वतःलाच बक्षीस दिले.

त्या सायंकाळी त्रिशला जवळ आली. बटण हातात धरले. थांबली. लावले नाही. तशीच आत गेली.

७ सप्टेंबर, रविवार

आज तिला म्हणालो, "त्रिशला, मंगळवारी..."

"ठाऊक हाय मला. बटण लावाय रोज येतोय मी, ते काय उगाच?" (आमच्याकडच्या स्त्रिया स्वतःविषयी पुरुषासारखे 'येतो' म्हणतात, हे येथे लिहून मी पुढचे वाक्य लांबवतो आहे.)

म्हणजे जूनपासून. ज्याला मी प्रीती म्हणत होतो. आणि 'आज बी तसंच' हा स्वयंपाक नव्हता.

"मग दीपालीला सांगितलेस?"

तिने नाही अशी मान हलवली. "खोटं बोललो तिच्याशी. पहिल्यांदा. घेतली न्हाई म्हणलो." मग माझ्याकडे न पाहता, "एक दिवस घसरलासा. परत लागलाय की सरळ. लेक घरात येऊ दे. मला माझ्या हातानं तिचं करू दे. तुमी गप बसा."

गप्प बसणे. तीस वर्षे मी लोकांना शिकवलेली एकमेव गोष्ट.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी

आज सर्वांनी सर्वांची क्षमा मागायची. प्रतिवर्षी मी स्वरचित श्लोक तीनशे जणांना मोबाइलवर पाठवतो. 'जाणता-अजाणता' घडलेल्या अपराधांबद्दल. यंदाचा श्लोक शार्दूलविक्रीडितात तयार होता. पाठवला नाही.

दुपारी दीपालीला फोन लावला. तिने उचलला, आजच्या दिवशी कोणी फोन टाळत नाही. मी म्हणालो, "दीपाली, रिपोर्ट देतो."

"काय देता?"

"मंगळवारी प्यायलो. प्रवचन देऊन आल्यावर. कोणी काही बोलले नव्हते. आणि अक्षय्य तृतीयेला जग निसटला नव्हता. मी फेकला. तू समोर होतीस, ते मला दिसत होते."

"आई तर म्हणाली, सगळं नीट चाललंय."

"आईला माझ्यामुळे खोटे बोलावे लागले. तिच्यावर रागावू नकोस."

"अण्णा, मग मी येत नाही."

"हो."

"तुम्ही हे सांगितलं नसतं, तर मला कळलंही नसतं."

"हो."

"ठेवू?"

"ठेव."

क्षमा मागायची राहून गेली. हे नंतर लक्षात आले.

त्रिशला दारात होती. तिने सगळे ऐकले होते. ती माडीवर गेली आणि पाळण्याची दोरी सोडून घडी करून ठेवली. संध्याकाळी बटण लावायला आली नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

सतरंजीवर सगळे सांगितले. केरबा म्हणाला, "गड्या सर, गप बसला असतासा तर लेक आली असती." उदयसिंह म्हणाले, "आली असती. आन रोज रातीला सरांच्या त्वांडाकडं बघत झोपली असती." नंतर चहा झाला.

त्रिशला पाच दिवसांनी बोलली: "उपमा खातासा का?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

त्रिशला आठवड्यापासून साताऱ्यात. घरात मी एकटा, आणि साडेपाच रोज वाजतात. क्रांती मॅडमांनी गुरुवारची वेळ आपणहून साडेसातावरून साडेपाचावर आणली. लॅपटॉपचा पडदा बदललेला नाही. तड्यातून त्या दोन भागांत दिसतात. त्यांना तक्रार नाही, मलाही नाही. आता कॅमेरा थोडा खाली केला आहे. हात दिसतात.

इतर दिवशी केरबा. ऊसतोडी सुरू झाल्या आहेत, कारखान्याकडे जाताना तो दोन ट्रेलर ऊस घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबतो, मागे तीन गाड्या भोंगे वाजवतात, आणि तो वरून ओरडतो, "सर, रिपोर्ट."

"नाही घेतली."

"बास." आणि निघतो. पलूसात आता कोणाला कळायचे राहिलेले नाही. दंतवैद्याचे नाव काढायची गरज उरली नाही.

आज दुपारी मुलगी झाली. त्रिशलाने व्हिडिओ कॉल केला. दुपट्यातून एक नाक दिसले. दीपाली चौकटीत नव्हती. फक्त तिचा हात, बाळाच्या डोक्यामागे. मी त्या हाताकडे पाहत राहिलो. "बगा, तुमच्यावाणी कपाळ हाय," त्रिशला म्हणाली. मी म्हणालो, "कपाळ आईचे असू दे."

फोन ठेवल्यावर मोरीत जाऊन मनगटांवर पाणी सोडले. बराच वेळ.

१ डिसेंबर, सोमवार

नव्वदावा दिवस. कोणास सांगितले नाही. दीपालीने मागितलेले नव्वद दिवस हे नव्हेत.

२१ डिसेंबर, रविवार

परवा पारसरावांचा फोन: सव्वा महिना होतोय, रविवारी बाळ दाखवायला येतो, सायंकाळी परत.

चार वाजता गाडी दाराशी आली. पुढून पारस उतरले. मागून त्रिशला, बाळ घेऊन. मग दीपाली. डाव्या भुवईवर पांढरी रेघ आहे. तेथे केस उगवलेले नाहीत. दोन बॅगा मागच्या सीटवर दिसत होत्या. त्या कोणी काढल्या नाहीत.

मी उंबऱ्यात उभा होतो. स्वागताचे वाक्य तयार केले होते. म्हटले नाही. "दीपाली, तुझी क्षमा मागायची राहिली होती. जग फेकल्याची." एवढेच म्हणालो.

ती पायरी चढून जवळ आली. माझ्या सदऱ्याचे वरचे बटण लावलेले होते. तिने ते काढले. हातात धरून ठेवले. तिला हे आईने सांगितले असावे.

मी तोंड बंद ठेवले नाही. मान खाली केली, तिच्या चेहऱ्याएवढी, आणि श्वास सोडला. मग पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. घाई केली नाही.

तिने बटण लावले. हात तेथेच ठेवून मागे न वळता म्हणाली, "पारस, बॅगा काढ."